पुण्यात रस्ते अपघाताची भरपाई : दावा कोणाला लावता येतो, कागद कोणते लागतात आणि वकील कसा निवडावा

आमच्या दाजींना वारज्याजवळ हायवेवर टेम्पोने उडवले. तिसऱ्या दिवशी आयसीयूबाहेरच्या बाकावर एक गृहस्थ ताईशेजारी येऊन बसले, हातात वकीलपत्राचा कोरा फॉर्म. "ताई, इथे सही करा. आत्ता एक रुपया द्यायचा नाही, क्लेम पास झाला की पंचवीस टक्के." ताईने सही केली. नवरा आत व्हेंटिलेटरवर असताना कुणीही केली असती. ते गृहस्थ वकील नव्हते, वकिलाचा माणूस होता. ज्यांच्या नावे वकीलपत्र झाले ते वकील आम्हाला पहिल्यांदा भेटले सात महिन्यांनी. दावा मुदतीत लागला होता, पण त्यात दाजींचे उत्पन्न निम्मे लिहिलेले होते आणि फिजिओथेरपीची बिले लावलीच नव्हती. ते निस्तरायला दीड वर्ष गेले.

म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. दवाखान्यात वकील शोधत येत असेल तर त्याला नाही म्हणा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला स्वतः किंवा दलालामार्फत काम मागत फिरता येत नाही. मिळणाऱ्या भरपाईत हिस्सा ठरवणे किंवा निकालावर फी अवलंबून ठेवणे यालाही त्याच नियमांत मनाई आहे, आणि टक्केवारीची फी बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट सांगितले आहे. "सगळेच घेतात" हे उत्तर तुम्हाला ऐकायला मिळेल. ते मान्य करू नका. जो पहिल्याच भेटीत नियम मोडतो, तो पुढे तुमच्या फायलीशी कसा वागेल?

दावा कोणाला लावता येतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६. जखमी व्यक्ती स्वतः, अपघातात मालमत्तेचे नुकसान झालेला मालक, आणि मृत्यू झाला असेल तर कायदेशीर वारस. पायी चालणारा, सायकलवाला, दुचाकीवर मागे बसलेला, रिक्षातला किंवा पीएमपीतला प्रवासी, सगळे यात येतात. मृत्यूच्या दाव्यात पत्नी, मुले, आईवडील अशा सर्व वारसांची नावे एकाच अर्जात असली पाहिजेत. घरात मतभेद असले तरी कुणाला वगळू नका. जो अर्जदार व्हायला तयार नसेल त्याला जाबदार (म्हणजे समोरचा पक्ष) म्हणून दाखवावे लागते.

समोरच्या चालकाची चूक सिद्ध करायची नसेल किंवा करता येत नसेल, तर कलम १६४ आहे : मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेली रक्कम. पण विमा कंपनीने तडजोडीत देऊ केलेली ही रक्कम तुम्ही स्वीकारलीत, तर कलम १६६ खालचा दावा संपतो. पाय गमावलेल्या तिशीतल्या माणसाचा दावा अडीच लाखांवर मिटवणे म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्याची कमाई सोडून देणे. कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी हा फरक वकिलाला समोर बसवून समजून घ्या.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मार्ग वेगळा. २०२२ च्या हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अर्ज न्यायालयात नव्हे, तर तालुक्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार पातळीवर जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. यासाठी वकील लागत नाही. कुणी त्यासाठी फी मागत असेल तर ती वाचवा.

स्वतःचीच गाडी स्वतःच घसरली असेल तर कलम १६६ उपयोगी पडत नाही. तेव्हा स्वतःची पॉलिसी उघडून मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते पाहा. मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी ते असते आणि पुष्कळ घरांत ते घेतल्याचे कुणाला माहीतही नसते.

सहा महिने

१ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत लावायचा आहे. त्याआधी बरीच वर्षे अशी मुदतच नव्हती, त्यामुळे "अपघाताचा क्लेम कधीही लावता येतो" असे सांगणारी माणसे अजून भेटतात, त्यांत काही वकीलही असतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. वकिलाची पारख करायला हा एक प्रश्न पुरतो : "मुदत किती?" उत्तर देताना तो अडखळला तर उठून या.

दुसरा प्रश्न पोलिसांच्या अहवालाचा. नव्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला (हे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) आणि विमा कंपनीला पाठवायचा, दहा दिवसांत पीडिताला त्याचे हक्क सांगणारा फॉर्म द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. तो सविस्तर अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. चांगला वकील पहिल्या आठवड्यातच तपास अधिकाऱ्याला भेटायला सांगतो. तुम्हीही पोलीस चौकीत जाऊन या अहवालाची चौकशी करा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

कुठे लावायचा

पुणे जिल्ह्याचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, बोलीत एमएसीटी, शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात चालते. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जिथे एकमेकींना छेदतात ते जिल्हा न्यायालय स्थानक शेजारीच आहे. अपघात कुठे झाला एवढ्यावरच ठिकाण ठरत नाही. अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा जाबदार जिथे राहतो तिथे, असे पर्याय अर्जदाराला आहेत. सुट्टीत गावी जाताना साताऱ्याजवळ अपघात झाला आणि घर कोथरूडला असेल, तर दावा पुण्यात लावता येतो. लंगडणाऱ्या माणसाला दर तारखेला साताऱ्याला नेणारा वकील नको.

कागद

माझ्या मते अर्धा दावा इथेच जिंकला किंवा हरला जातो, म्हणून इथे घाई करू नका. एक जाड फाइल घ्या आणि अपघाताच्या दिवसापासून एकही चिठ्ठी फेकू नका.

पोलिसांकडून एफआयआरची प्रत (फिर्यादीला ती मोफत मिळते), घटनास्थळ पंचनामा आणि नंतर दोषारोपपत्र. शिवाय कॉम्प एए नावाचा फॉर्म, ज्यात गाडी, मालक, चालक आणि विमा यांची माहिती असते. समोरच्या गाडीचे आरसी, चालकाचे लायसन्स आणि विमा पॉलिसी यांच्या प्रती पोलिसांच्या कागदांतून मिळतात. गाडीचा नंबर हाती असेल तर अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का, हे एमपरिवहन ॲपवर लगेच पाहून स्क्रीनशॉट ठेवा. गाडी कुठे होती, रस्त्यावर ब्रेकच्या खुणा कशा होत्या, सिग्नल कोणता, याचे फोटो पहिल्या दोन दिवसांत काढून घ्या. नवले पुलासारख्या ठिकाणी तासाभरात वाहतूक पुन्हा सुरू होते आणि जागेवर काहीच उरत नाही. आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रीकरण थोड्याच दिवसांत पुसले जाते, तेव्हा पोलिसांकडे त्यासाठी लगेच अर्ज करा.

दवाखान्यातून एमएलसी (म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद, डिस्चार्ज कार्ड, जखम प्रमाणपत्र, एक्स-रे आणि स्कॅनच्या मूळ फिल्म, ऑपरेशनची टिपणे. मेडिकलच्या दुकानाचे प्रत्येक बिल, डॉक्टरांच्या चिठ्ठीला टाचून. रिक्षाचे, ॲम्ब्युलन्सचे, घरी ठेवलेल्या मदतनीसाचे पैसेही मागता येतात, म्हणून त्यांच्या पावत्या घ्या. आणि उपचाराच्या खर्चाने घाबरला असाल तर हे लक्षात ठेवा : मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार कॅशलेस मिळू शकतात. नेमलेल्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी विचारा.

कायमचे अपंगत्व आले असेल तर प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून घ्या. पुण्यात ससून किंवा औंधचे जिल्हा रुग्णालय. कागद मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. तो सिद्ध करायला डॉक्टरला साक्षीला यावे लागू शकते, आणि उपचार करणारा डॉक्टर कोर्टात यायला तयार आहे का, हे वकिलाने आधीच विचारायला हवे.

उत्पन्नासाठी पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रे, बँकेचे स्टेटमेंट. रोजंदारीवाल्याकडे, भाजीच्या गाडीवाल्याकडे, घरकाम करणाऱ्या बाईकडे हे नसते. त्यांनी काम देणाऱ्याचे पत्र, माल घेतल्याच्या पावत्या, यूपीआयची नोंद, जे असेल ते जमवावे. अर्जदाराचे आधार, पॅन, बँक पासबुक लागते. मृत्यूच्या दाव्यात मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, मरणोत्तर पंचनामा आणि नाते दाखवणारे कागद : रेशन कार्ड, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले.

मूळ कागद स्वतःजवळ ठेवा, वकिलाला प्रती द्या. कोर्टात मूळ दाखल करायची वेळ आली तर यादी करून त्यावर वकिलाची सही घ्या.

हिशेब कसा होतो हे वकिलाला समजावता आले पाहिजे

समजा ३४ वर्षांचा सुतार, महिना २०,००० कमावणारा. वर्षाचे २,४०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की ३,३६,०००. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असे धरले तर वर्षाचे नुकसान १,३४,४००. वर्षाच्या नुकसानीला वयानुसार एका आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात; या वयाला सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातला (२००९) गुणक १६. एकूण २१,५०,४००, आणि वर औषधोपचार, वेदना, मदतनीस वगैरे वेगळे.

यात खरा वाद त्या ४० टक्क्यांचा असतो. प्रमाणपत्रावरचा टक्का शरीराचा असतो, भरपाई कमाईच्या नुकसानीची मिळते. गुडघा वाकत नसलेला लेखनिक टेबलाशी बसून काम करू शकेल, सुतार उकिडवा बसू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हाच फरक मांडला आहे. वकिलाने तुम्हाला तुमच्या कामाबद्दल खोदून विचारले नाही, दिवसभर उभे राहावे लागते का, वजन उचलावे लागते का, जिना चढावा लागतो का, तर तो छापील अर्जात फक्त नाव भरणार आहे असे समजा.

वकील शोधताना

शेजारी किंवा नातेवाइकांनी नाव सुचवले की ई-कोर्ट्स ॲपवर पुणे जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने शोध घ्या. त्यांचे मोटार अपघाताचे किती दावे चालू आहेत, निकाली किती, तारखा नुसत्या पुढे जात आहेत का, हे दिसते. जमले तर एक सकाळ शिवाजीनगरला एमएसीटीच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. कोण स्वतः उभा राहतो आणि कोण ज्युनिअरला तारीख घ्यायला पाठवतो, ते दोन तासांत कळते. मला तरी याहून चांगली परीक्षा ठाऊक नाही.

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारा, त्यात अपमान काही नाही. कोणत्या विमा कंपनीच्या पॅनेलवर आहात, हेही विचारा. समोरची कंपनी तीच असेल तर तो वकील तुमचा नाही. फी एकरकमी ठरवा, हप्ते करून घ्या, पावती मागा, डॉक्टरच्या साक्षीचा आणि नकलांचा खर्च फीत धरला आहे का ते लिहून घ्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर सही नाही. दावा दाखल झाल्यावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक घ्या, म्हणजे पुढची तारीख मोबाइलवर स्वतःच पाहता येते.

फी परवडत नसेल तर मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच आहे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख आहे. ताईला हे कुणी सांगितले असते तर तिला पहिल्या दिवसापासून फुकट वकील मिळाला असता.

लोकअदालत, निकाल आणि अपील

लोकअदालतीत विमा कंपनी आकडा सांगेल. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून वरचा हिशेब स्वतः कागदावर मांडून जा, आणि त्या दिवशी वकील "घेऊन टाका" म्हणाला तर का, ते आकड्यांत विचारा.

वकील बदलायचा असेल तर बदलता येतो. फी थकली म्हणून तुमची फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवून दिले आहे. फी बाकी असेल तर ती वसूल करायचे त्याचे मार्ग वेगळे. गंभीर गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे होते. आम्ही नव्या वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी फिजिओथेरपीची बिले मागितली आणि दाजींना विचारले, "रात्री कुशीवर वळता येते का?"

निकालाची रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांच्या आत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असले तरी पुणे जिल्ह्याची अपिले मुंबईलाच जातात. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील नाही. निकालाच्या आठवड्यातच प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा आणि अर्जाची पावती फाइलला लावा.