वरचा मजला चढवायचाय? आधी जुना नक्शा शोधा

इंदूरच्या लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग इथल्या कितीतरी घरांत आता जागा पुरेनाशी झाली आहे. वर दोन खोल्या काढायच्या, मागे एक वाढवायची, म्हणून नक्शा करून घ्यायला मंडळी आमच्याकडे येतात आणि बसता बसताच विचारतात, "नक्शा कधीपर्यंत पास होईल?" ते बरंचसं तुमच्या कपाटातल्या जुन्या पास नक्श्यावर अवलंबून असतं.

होतं काय, की लोक रजिस्ट्रीवरची मापं सांगतात आणि "यावरून ड्रॉइंग करून टाका" म्हणतात. पण रजिस्ट्रीत प्लॉट असतो, घर नसतं. मधल्या काळात मागच्या एमओएसमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, संडास-बाथरूम आलेलं असतं, बाजूच्या मोकळ्या पट्टीवर स्लॅब पडलेला असतो, जिना बाहेरून फिरवलेला असतो. हे सगळं एफएआरमध्ये (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम चालतं त्या प्रमाणात) किंवा एमओएसमध्ये कुठे ना कुठे अडतंच. नगर निगमचा अर्ज आता ऑनलाइन होतो आणि ड्रॉइंगची छाननी सॉफ्टवेअर करतं. तिथे "साहेब, एवढं चालवून घ्या" म्हणायला समोर कुणी नसतं. शिवाय साइटची पाहणी होते ती वेगळीच. मग ड्रॉइंग पुन्हा, अर्ज पुन्हा, आणि ठेकेदार खोळंबलेला.

म्हणूनच आम्ही घर स्वतः टेपने मोजल्याशिवाय ड्रॉइंगला हात लावत नाही. मोजणीचे पैसे वेगळे का, असं काहीजण विचारतात. काम आमच्याकडे दिलंत तर ते एकूण फीमधून वजा होतात. आणि नाही दिलंत तरी घराचा खरा नक्शा तुमच्या हाती राहतो. वाढीव बांधकाम असेल तर आम्हाला आधीच सांगा, लपवू नका. काही गोष्टी कम्पाउंडिंगमध्ये पैसे भरून नियमित होतात. पार्किंगच्या जागेतलं किंवा रस्त्याच्या हद्दीत आलेलं बांधकाम मात्र होत नाही, ते काढावंच लागतं. यातलं काय कशात बसतं, ते आम्ही मोजणीनंतर लेखी देतो.

बरीचशी जुनी घरं 1984 च्या नियमांनी पास झालेली असतात. नवीन मजल्याचा हिशोब मध्य प्रदेश भूमि विकास नियम 2012 प्रमाणे होतो. त्यामुळे "शेजाऱ्यांना मिळालं होतं" हे दरवेळी लागू पडत नाही.

जुना नक्शा सापडत नसेल तर नकलेसाठी अर्ज आम्ही लावून देतो. परवानगीचा क्रमांक आणि साल माहीत असेल तर शोध सोपा जातो. घर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर नामांतरण आधी करून घ्या. विकास प्राधिकरणाचा प्लॉट असेल तर लीजचे कागद आणा. प्लॉट 140 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर रेनवॉटर हार्वेस्टिंग ड्रॉइंगमध्ये दाखवावंच लागतं, ते आम्ही दाखवतोच.

मोजणीला रविवारीही येतो. शक्यतो सकाळची वेळ द्या, म्हणजे गच्चीवरच्या कॉलमच्या सळया आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर त्याच फेरीत पाहून घेतील.