पगारी बेसबॉल उभा राहिला तो क्रिकेटवाल्यांच्या हातून

२०२३ च्या डिसेंबरात शोहेई ओतानीने लॉस एंजेलिस डॉजर्सबरोबर १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला तेव्हा आपल्याकडे बेसबॉलशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांनीसुद्धा तो आकडा एकमेकांना पाठवला होता. मला तेव्हा आठवला दुसरा आकडा, ९,३०० डॉलर. १८६९ साली सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या टीमचा वर्षाचा पगार, सगळ्या म्हणजे दहाच्या दहा खेळाडूंचा मिळून. आम्ही पैसे घेऊन खेळतो असं उघड सांगणारी ही पहिली पूर्ण पगारी टीम, आणि ती बांधणारा माणूस, हॅरी राइट, बेसबॉलचा नव्हताच मुळात, तो होता क्रिकेटचा प्रोफेशनल, म्हणजे क्लबने पगारावर ठेवलेला खेळाडू. आपण क्रिकेटवेडे लोक, पण आपल्यातल्या फार थोड्यांना हे माहीत असतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात होबोकेनपासून. न्यू जर्सीत आपली केवढी मराठी माणसं राहतात, त्यातल्या कितीतरी जणांची रोजची ये-जा तिथूनच. मी मित्राकडे गेलो होतो तेव्हा अकरावा रस्ता आणि वॉशिंग्टन स्ट्रीट जिथे मिळतात तिथली पाटी मुद्दाम बघून आलो. आजूबाजूला दुकानं, गाड्या, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, कुणी त्या पाटीकडे बघतही नव्हतं, आणि मी आपला उभा. कारण तिथे एकेकाळी एलिशन फील्ड्स नावाचं नदीकाठचं मोठं मैदान होतं. मॅनहॅटनमध्ये खेळायला जागा उरली नाही म्हणून निकरबॉकर या बेसबॉल क्लबची मंडळी, म्हणजे कारकून, व्यापारी, बँकेतले लोक, बोटीने हडसन ओलांडून इथे यायची. त्यांनी १८४५ मध्ये नियम लिहून काढले आणि १९ जून १८४६ ला इथेच न्यूयॉर्क नाइन नावाच्या टीमकडून २३-१ असा सपाटून मार खाल्ला, तोही चार इनिंगमध्ये, कारण तेव्हा नऊ इनिंगची भानगडच नव्हती, जो आधी २१ रन करेल तो जिंकला. नऊ इनिंग, नऊ खेळाडू आणि बेसमधलं (बेस म्हणजे रन काढताना एकामागून एक गाठायचे टप्पे, शेवटचा ‘घर’) ९० फूट अंतर हे १८५७ च्या अधिवेशनात पक्कं झालं.

महत्त्वाची गोष्ट अशी की त्याच होबोकेनमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचंही मैदान होतं. तिथला प्रोफेशनल होता सॅम राइट, इंग्लंडहून आलेला. त्याचा मुलगा हॅरी, जन्म १८३५, शेफिल्डचा. हॅरी क्रिकेट खेळत खेळतच मोठा झाला, आणि शेजारी हे निकरबॉकरवाले काय करतात ते बघता बघता १८५८ मध्ये त्यांच्यातही खेळायला लागला. हेन्री चॅडविकचं तसंच. हाही जन्माने इंग्लिश, एक्सेटरचा, क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. १८५६ मध्ये होबोकेनला क्रिकेटची मॅच कव्हर करून परत निघाला होता, वाटेत बेसबॉलचा सामना दिसला आणि माणूस त्यातच अडकला तो कायमचा. आज बेसबॉलचा जो बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, छापतात त्याला आकार दिला तो चॅडविकने, आणि डोळ्यासमोर होतं आपलं क्रिकेटचं स्कोअरकार्ड. बॅटर स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद झाला, की स्कोअरबुकात आजही ‘के’ लिहितात, तेही त्याचंच. ‘स्ट्रक’ या शब्दातलं शेवटचं अक्षर घेतलं, कारण ‘एस’ आधीच सॅक्रिफाइससाठी, म्हणजे स्वतः आउट होऊन साथीदाराला पुढे सरकवण्यासाठी, वापरलं होतं.

आता पैशाचं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. १८५७ च्या त्या अधिवेशनातून खेळाडूंची राष्ट्रीय संघटना तयार झाली आणि लवकरच तिचा नियम झाला की हा हौशी खेळ आहे, पैसे घेऊन खेळायचं नाही. नियम कागदावर, आणि इकडे लोक तिकीट काढून बघायला तयार! १८६२ मध्ये विल्यम कॅमेयर नावाच्या माणसाने ब्रुकलिनमधलं आपलं स्केटिंगचं तळं उन्हाळ्यात रिकामं पडतं म्हणून त्याला कुंपण घातलं, मैदान केलं आणि दारावर १० सेंट घ्यायला लागला. गेटवर पैसा जमतोय म्हटल्यावर चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फुकट कशाला येईल? ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा जिम क्रायटन हा छुपे पैसे मिळालेला पहिला मोठा खेळाडू असं धरतात. तेव्हा चेंडू खालून टाकायचा नियम होता, पण हा मनगटाला असा झटका द्यायचा की समोरच्याला कळायचंच नाही. क्रिकेटही उत्तम खेळायचा. १८६२ मध्ये अवघ्या २१ व्या वर्षी गेला.

छुपेपणा किती होता याचा एक नमुना मला फार आवडतो. १८६७ च्या वॉशिंग्टन नॅशनल्स टीममध्ये बरेच जण कागदोपत्री सरकारी कारकून होते, बहुतेक ट्रेझरी खात्यात. हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज राइट, त्या काळचा सगळ्यात भारी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फिल्डर), तोही त्याच टीममध्ये, आणि यादीत त्याच्या नावापुढे कारकून म्हणून कामाचा पत्ता होता २३८, पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू. त्या पत्त्यावर ऑफिस नव्हतंच, तिथे सार्वजनिक बाग होती.

हॅरीचं मात्र सगळं उघड होतं, आणि मला वाटतं फरक पडला तो इथेच. क्रिकेटमध्ये क्लबने पगारी प्रोफेशनल ठेवायचा, त्याने मैदान बघायचं, सभासदांना शिकवायचं, मॅचला बॉलिंग टाकायची, ही जुनी पद्धत, त्यात चोरी कसली? बापाने आयुष्यभर तेच काम केलेलं. १८६५ मध्ये हॅरी सिनसिनाटीला गेला तो युनियन क्रिकेट क्लबचा प्रोफेशनल म्हणून, वर्षाला १,२०० डॉलरवर. दोन वर्षांनी तिथल्या बेसबॉल क्लबने त्याला तेवढ्याच पगारावर उचललं. म्हणजे बेसबॉलने दिलेला पगार आधी क्रिकेटने ठरवून ठेवला होता. डिसेंबर १८६८ मध्ये संघटनेने शेवटी मान्य केलं की पगारी खेळाडूंचा वेगळा वर्ग असू दे, आणि हॅरी तयारच होता.

१८६९ ची ती पगाराची यादी प्रसिद्ध आहे. जॉर्ज राइटला सगळ्यात जास्त १,४००, स्वतः हॅरीला १,२००, पिचर एसा ब्रेनर्डला १,१००, थर्ड बेसवाल्या फ्रेड वॉटरमनला १,०००, पाच जणांना ८०० आणि राखीव खेळाडूला ६००. करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर. हे लोक एरवी काय करायचे बघा, कुणी टोप्या बनवणारा, कुणी संगमरवर कापणारा, कुणी विमा एजंट, कुणी पियानो बनवणारा, आणि सिनसिनाटीचा म्हणावा असा एकच, फर्स्ट बेसवरचा चार्ली गूल्ड. बाकी सगळे बाहेरून आणलेले, त्यावरूनही टीका झाली. लांब पाटलोणी सोडून गुडघ्यापर्यंतच्या तुमानी आणि खाली लाल मोजे, हा वेष हॅरीच्या टीममुळेच लोकप्रिय झाला, रेड स्टॉकिंग्ज नावही त्यावरूनच.

हॅरीची शिस्त कडक, रोज सराव करून घ्यायचा, मैदानात एकमेकांना ओरडून सांगायचं कॅच कुणाची, कुणाच्या मागे कुणी उभं राहायचं ते आधी ठरलेलं. हौशी क्लबांना हे नवीन होतं. त्या सीझनला संघटनेतल्या क्लबांशी ५७ सामने, हार शून्य. एक ट्रॉयच्या हेमेकर्सबरोबरचा १७-१७ वर अडकला, एका कॅचवरून पंचाशी भांडून हेमेकर्स मैदान सोडून गेले आणि पंचाने सामना सिनसिनाटीला दिला. जुगाऱ्यांचे पैसे वाचवायला हे नाटक केलं अशी बोलवा तेव्हापासून आहे. मे महिन्यात देशाच्या आरपार जाणारी रेल्वे पूर्ण झाली आणि सप्टेंबरात ही टीम तिच्यात बसून थेट सॅन फ्रान्सिस्कोला खेळायला गेली सुद्धा. आणि एवढं सगळं करून वर्षअखेर क्लबच्या हातात शिल्लक राहिले ते १ डॉलर ३९ सेंट.

मग १४ जून १८७०, ब्रुकलिनचं कॅपिटोलाइन मैदान, समोर तिथलीच अटलांटिक्स टीम, तिकीट ५० सेंट, गर्दी इतकी की लोक कुंपणावर चढलेले. नऊ इनिंगनंतर ५-५. अटलांटिक्सचे खेळाडू बॅटी गोळा करून निघाले, बरोबरी म्हणजे त्यांच्यासाठी जिंकल्यासारखंच. हॅरी म्हणाला नाही, खेळायचं. गर्दीत चॅडविक होता, त्याला विचारलं, त्याने सांगितलं की दोन्ही कॅप्टन तयार असतील तरच बरोबरी, नाहीतर खेळ चालू. दहाव्या इनिंगला अटलांटिक्सचे खेळाडू बेसवर असताना सोपी कॅच आली ती जॉर्ज राइटने मुद्दाम पाडली, कॅच होणार म्हणून जागेवरच थांबलेल्यांना आता धावणं भाग पडलं आणि त्याने दोघांना आउट केलं. ही चलाखी बंद करायला पुढे १८९० च्या दशकात इनफील्ड फ्लायचा नियम आला, म्हणजे अशी सोपी कॅच उडाली की बॅटर आपोआप आउट. अकराव्यात सिनसिनाटीने दोन रन काढले, ७-५, झालं असं वाटलं. पण अटलांटिक्सच्या जो स्टार्टने उजवीकडे लांब मारलेला चेंडू प्रेक्षकांत घुसला, तो काढेपर्यंत एक रन झाला आणि स्टार्ट तिसऱ्या बेसवर. मग कॅप्टन बॉब फर्ग्युसन आला, उजव्या हाताचा माणूस पण डावीकडून उभा राहिला, का तर चेंडू जॉर्ज राइटच्या बाजूला जाऊ नये! मारला, ७-७. पुढच्याचा चेंडू गूल्डकडून नीट पकडला गेला नाही, घाईत दुसऱ्या बेसकडे फेकला तोही वाकडा, फर्ग्युसन धावत घरी. ८-७. वर्षभराहून जास्त चाललेली, ऐंशीच्या वर सामन्यांची विजयाची माळ तुटली. बरोबरी घेऊन घरी जाता आलं असतं, पण हॅरीने निकाल मागितला, मला तर तो या एका गोष्टीसाठीच फार मोठा वाटतो. क्लबचा अध्यक्ष एरन चॅम्पियनने त्या रात्री तार केली त्यात होतं की हरलो आहोत, पण लाज गेलेली नाही.

तरी गाव रुसलंच. गर्दी कमी झाली, पगार मात्र वाढवून मागितले जात होते, आणि त्या सीझननंतर क्लबने पगारी टीम ठेवणंच बंद केलं. हॅरी आणि जॉर्ज बोस्टनला गेले, जाताना रेड स्टॉकिंग्ज हे नावही घेऊन गेले. (आजची अटलांटा ब्रेव्ह्ज त्या बोस्टनच्याच वंशातली.) १७ मार्च १८७१ ला न्यूयॉर्कमध्ये पगारी क्लबांची पहिली संघटना झाली, प्रवेश फी फक्त १० डॉलर, वेळापत्रक ठरलेलं नाही, तुमचं तुम्ही पत्र पाठवून जमवा. पहिला सामना ४ मे ला फोर्ट वेनमध्ये, किकिओंगाने क्लीव्हलँडला २-० हरवलं, आणि ऑगस्ट सरता सरता किकिओंगा क्लबच बुडाला. त्याच ऑक्टोबरात शिकागोच्या प्रचंड आगीत तिथल्या टीमचं मैदान, सामान सगळं जळालं आणि पोरांनी उधारीचे कपडे घालून बाहेरगावी उरलेले सामने खेळले. पुढची चार वर्षं बोस्टनच जिंकत राहिली, १८७५ ला तर ७१ विजय आणि ८ हार, बाकीच्यांना खेळण्यात काय रस उरणार?

मध्ये १८७४ च्या उन्हाळ्यात हॅरीने बोस्टन आणि फिलाडेल्फियाच्या टीम इंग्लंडला नेल्या, बेसबॉल दाखवायला. तिथल्या लोकांना बेसबॉल काही फार रुचला नाही. पण क्रिकेटच्या सामन्यांत, लॉर्ड्सवरसुद्धा, अमेरिकन हरले नाहीत. अर्थात त्यांना १८ खेळाडू उतरवायची सवलत होती, आणि खरं क्रिकेट येत होतं ते मुख्यतः राइट भावांना.

उघड पगार आला तसा पगार देणाऱ्याचा हातही वर गेला. शिकागोच्या विल्यम हलबर्टने १८७५ चा सीझन चालू असतानाच बोस्टनचे चार बिनीचे खेळाडू पुढच्या वर्षासाठी फोडले, त्यावर कारवाई होईल या भीतीने जुनी संघटनाच मोडीत काढली आणि २ फेब्रुवारी १८७६ ला नॅशनल लीग सुरू केली, आजची तीच. आधीची संघटना नावाने तरी खेळाडूंची होती, ही सरळ क्लबांची. १८७९ च्या सप्टेंबरात बफेलोला मालकांनी गुपचूप ठरवलं की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवायचे, त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आपल्या आयपीएलच्या रिटेनसारखं ऐकायला वाटतं, पण इथे करार संपला तरी खेळाडू सुटत नव्हता. सुरुवातीला खेळाडूंना उलट मान वाटायचा, आपलं नाव त्या पाचात आहे म्हणून. मग पाचाचे अकरा झाले, नंतर चौदा, आणि सगळी टीमच बांधली गेली. १८८५ मध्ये जॉन माँटगोमेरी वॉर्डने खेळाडूंची युनियन काढली, १८९० ला त्यांनी स्वतःची वेगळी लीगही चालवली, ती एकाच सीझनमध्ये आटोपली. खेळाडू राखून ठेवायचा तो नियम शेवटी मोडला १९७५ च्या डिसेंबरात एका लवादाच्या निकालाने, म्हणजे बफेलोच्या त्या बैठकीनंतर तब्बल ९६ वर्षांनी.