छत्रीतून पिक्चर मागवता येतो का?

साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीच्या बाजूला उतरायला लागलं, की मोबाईलच्या रेंजचे दांडे एकेक करून गळायला लागतात. घरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या, म्हणजे डिश, मात्र बिनतक्रार चालू असतात. टॉवरकडून येणारी लहर जवळजवळ आडवी येते, त्यामुळे मध्ये डोंगर आला की तिचं काम संपलं. टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह साताऱ्यातून दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधोमध, क्षितिजापासून सुमारे ६७ अंश वर येतो. एवढ्या उंचावर सह्याद्रीची कुठलीच रांग आडवी येत नाही.

छत्री पाहून हे पटत नाही. ती समोरच्या डोंगराकडे तोंड करून बसल्यासारखी दिसते, कारण घरगुती डिश ही तिरकी कापलेली वाटी आहे आणि तिची खरी नजर दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. साठ सेंटिमीटरच्या डिशची ही नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. म्हणून ती बसवणारा पोरगा पत्र्यावर उभा राहून पान्याने नट सैल करतो, डिश केसभर सरकवतो, आणि घरातून कुणीतरी ओरडतं, "आलं, आलं... गेलं!"

याच छत्रीच्या जोडीने आता ‘हवा तेव्हा हवा तो पिक्चर’ विकला जातो. तो पिक्चर छत्रीतून येतो का? बहुतेक वेळा नाही. कंपन्या ही गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत ढकलतात. पण छत्रीतून पिक्चर न देणं हा त्यांचा आळस नाही, त्यामागे साधा हिशेब आहे.

जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून जीसॅट-२४ हा उपग्रह सोडला गेला. त्याची सगळी क्षमता टाटा प्लेने भाड्याने घेतली आहे. त्यावर केयू बँडचे, म्हणजे घरगुती छत्र्या पकडतात त्या लहरींच्या पट्ट्याचे, २४ ट्रान्सपाँडर आहेत. ट्रान्सपाँडर म्हणजे जमिनीवरून आलेला सिग्नल उचलून, वारंवारता बदलून, जोर वाढवून परत खाली सोडणारी यंत्रणा. एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला साधारण ५० मेगाबिट माहिती जाते असं धरू. चांगल्या एचडी चित्राला ५ मेगाबिट लागतात. म्हणजे एका ट्रान्सपाँडरवर दहा वाहिन्या आणि सगळ्या उपग्रहावर २४०. दोनशे चाळीस वाहिन्या साऱ्या देशाला दाखवायच्या तर हे रग्गड आहे, कारण एकच वाहिनी एका घराने पाहिली काय किंवा एक कोटी घरांनी पाहिली काय, उपग्रहाला काहीच फरक पडत नाही. पण प्रत्येक घराला त्याच्या वेळेला त्याचा वेगळा पिक्चर द्यायचा म्हटलं, की २४० घरांत उपग्रह संपला. पोवई नाक्याजवळच्या चार-पाच सोसायट्या झाल्या की बस्स. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत तीस लाख होती, आणि उरलेला देश तर मोजायचाच आहे.

दुसरी अडचण म्हणजे आपली छत्री फक्त ऐकते, बोलत नाही. "मला अमुक पिक्चर लाव" हे वर कळवायला तिच्याकडे तोंडच नाही. म्हणून ऑर्डर फोनवरून किंवा ॲपवरून जाते, आणि परवानगी तेवढी उपग्रहावरून खाली येते. ही परवानगी म्हणजे तुमच्या सेट-टॉप बॉक्समधल्या कार्डाच्या क्रमांकाचा एक छोटा संदेश. तो सगळ्यांच्याच बॉक्सवर येऊन पडतो, फक्त तुमचा बॉक्स तो ओळखतो. रिचार्ज मारल्यावर "बॉक्स चालू ठेवा" असं सांगतात ते यासाठीच. संदेश फिरून फिरून पाठवला जातो, आणि त्या वेळी बॉक्स बंद असला तर तो वाया जातो.

मग उपग्रहवाल्यांनी युक्त्या काढल्या. पहिली युक्ती एसटी महामंडळाच्या डोक्यातून निघाल्यासारखी आहे. सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडी तुमच्यासाठी खास सुटत नाही, पण थोड्या थोड्या वेळाने सुटत असल्यामुळे वेळापत्रक पाहायची गरज पडत नाही. तसा अडीच तासांचा पिक्चर दर अर्ध्या तासाने नव्या वाहिनीवर पहिल्यापासून सुरू करायचा. पाच वाहिन्या लागतात आणि जास्तीत जास्त अर्धा तास थांबावं लागतं. पंधरा मिनिटांवर यायचं तर दहा वाहिन्या. थांबणं निम्मं करायला वाहिन्या दुप्पट, म्हणजे सौदा महागच.

१९९०च्या दशकात संगणकशास्त्रज्ञांनी या सौद्यातली एक गंमत हेरली. बॉक्समध्ये माहिती साठवायला जागा असेल, तर पिक्चरचे तुकडे क्रमाने यायची गरजच नाही. प्रत्येक तुकडा त्याची पाळी येईपर्यंत पोचला म्हणजे झालं. पिक्चरचे ३१ सारखे तुकडे करा. पहिल्या वाहिनीवर फक्त पहिला तुकडा पुन्हा पुन्हा लावा. दुसरीवर २ आणि ३, तिसरीवर ४ ते ७, चौथीवर ८ ते १५, पाचवीवर १६ ते ३१. प्रेक्षकाचा बॉक्स पाचही वाहिन्या एकदम साठवत राहतो. चौथा तुकडा पाहायची वेळ येईपर्यंत तिसऱ्या वाहिनीवरच्या चारपैकी तीन तुकडे येऊन गेलेले असतात, म्हणजे तो कधीतरी हाती लागलेला असतो किंवा नेमका त्याच क्षणी येत असतो. थांबावं लागतं ते फक्त एका तुकड्याइतकं, पाच मिनिटांहून कमी. वाहिन्या पाचच, पण अर्ध्या तासाची पाच मिनिटं झाली! दहा वाहिन्या वापरल्या तर तुकडे होतात १,०२३ आणि थांबणं नऊ सेकंदांच्या आत. शिवाय दहा वाहिन्या एकाच ट्रान्सपाँडरवर मावत असल्याने बॉक्सला सिग्नल पकडणारा एकच ट्यूनर पुरतो. मला तरी या विषयातलं सगळ्यात देखणं गणित हेच वाटतं. घरोघरी ते पोचलं नाही, कारण त्याला साठवणीची जागा लागते, आणि जागा स्वस्त झाल्यावर आणखी सोपा मार्ग हाताशी आला.

तो मार्ग म्हणजे माल आधीच घरात टाकून ठेवणं. ब्रिटनमध्ये स्काय कंपनीने २००७ मध्ये ‘स्काय एनीटाइम’ या नावाने हे केलं. बॉक्समधल्या हार्ड डिस्कचा एक कोपरा कंपनीने स्वतःकडे ठेवला आणि रात्री त्यात निवडक कार्यक्रम उतरवले. सकाळी रिमोट दाबला की पिक्चर लगेच सुरू, कारण तो आकाशातून येतच नाही, टीव्हीखालच्या डब्यात बसलेला असतो. आपल्या हिशेबाने अडीच तासांचा एचडी पिक्चर साडेपाच जीबीच्या आसपास होतो. एका ट्रान्सपाँडरवरून रात्रीच्या सहा तासांत असे २४ पिक्चर उतरवता येतील, तेही देशातल्या प्रत्येक छत्रीत एकदम. निवड मात्र कंपनीची. तुम्हाला जुना तमाशापट पाहायचा असेल आणि त्या रात्रीच्या यादीत तो नसेल, तर हात चोळत बसायचं.

इथे पाऊसही आडवा येतो. केयू बँडची लहर अडीच सेंटिमीटरची, आणि पावसाचे थेंब तिची ताकद शोषतात नि विखुरतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सांगलीच्या जत-आटपाडीत पाचशेच्या आसपास. तरी जतमध्ये चित्राचे चौकोन होत नाहीत असं नाही, कारण सिग्नलला वर्षाची बेरीज कळत नाही. त्या दहा मिनिटांत किती जोराने कोसळतोय एवढंच त्याला लागतं, आणि वळीव त्यात कुणाला हार जात नाही. रात्री पिक्चर उतरत असताना असा वळीव आला, तर तुकडे गळतात आणि छत्रीला ते परत मागता येत नाहीत. उपाय म्हणून तीच फाइल फेऱ्याफेऱ्याने पुन्हा पाठवतात, आणि बॉक्स फक्त राहिलेले तुकडे उचलतो. एकदा डिस्कवर बसलेला पिक्चर मात्र कितीही धो धो पावसात अडखळत नाही.

भारतात ही आधीच भरून ठेवायची पद्धत फारशी रुजली नाही. त्याआधीच मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि २०१९च्या सुमारास टाटा स्काय (आताचं टाटा प्ले), एअरटेल, डिश टीव्ही यांनी छत्री आणि इंटरनेट एकत्र करणारे मार्ग आणले. अशा बॉक्सवर बातम्या, मॅच, मालिका छत्रीतून येतात आणि मागितलेला पिक्चर वायफायमधून. सांगलीत विश्रामबागेत फायबर असलेल्या घरात हे झकास चालतं. कोयनेच्या खोऱ्यात त्या बॉक्सचा अर्धा भाग नुसता शोभेचा राहतो, आणि हे मला खटकतं. ज्यांच्याकडे इंटरनेट पोचत नाही, त्यांच्यासाठीच रात्री माल उतरवायची पद्धत होती, आणि तीच आपण वाऱ्यावर सोडली.

तेव्हा असा बॉक्स घ्यायचा असेल, तर दुकानदाराला आधी विचारा की पिक्चर नेटवरून येणार का. फोनच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल, तर सेकंदाला ५ मेगाबिट म्हणजे तासाला सव्वादोन जीबी, हे लक्षात ठेवा. रोज दीड जीबीचं पॅक चाळीस मिनिटांत संपतं. दुसरं विचारायचं ते पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग होतं का. बऱ्याच एचडी बॉक्सना ती सोय असते, फक्त रेकॉर्ड केलेलं त्याच बॉक्सवर चालतं, शेजारच्याच्या टीव्हीवर नाही.