‘वयोमानानुसार’ आणि पायातली गुठळी

मे महिना आला की कोथरूड-कर्वेनगरातल्या सोसायट्यांमधून आजी-आजोबा अमेरिकेला निघतात. बॅगेत भाजणी, मेतकूट, नातवासाठी बाकरवडी. अलीकडे त्यात एका वस्तूची भर पडली आहे : गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे. ते चढवताना काकांची दमछाक होते, काकू दुसऱ्या बाजूने ओढतात, आणि ‘हे कशाला?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार.’

आपल्याकडे या एका शब्दात मोतीबिंदूपासून विसराळूपणापर्यंत सगळं बसतं. काकांचे मोजे असतात ते विमानप्रवासात नीलांमध्ये, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. या गुठळ्यांच्या बाबतीत मात्र तो शब्द उकलायला वैद्यकशास्त्राला शंभराहून जास्त वर्षं लागली.

आधीच्या समजुती तर भलत्याच होत्या. बाळंतिणीचा पाय सुजून पांढराफटक पडला, तर युरोपात म्हणत की छातीतलं दूध पायात उतरलं. फुप्फुसात गुठळी सापडली, तर ती तिथेच झाली असं धरून चालत. १८४६ साली बर्लिनमध्ये पंचविशीतल्या रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने ही दुसरी समजूत मोडीत काढली. शवविच्छेदनात त्याला फुप्फुसातल्या गुठळीबरोबर अनेकदा पायाच्या शिरांतही गुठळी दिसे. मग त्याने कुत्र्यांच्या शिरांमध्ये रबराचे तुकडे सोडले आणि ते फुप्फुसात जाऊन अडकतात हे दाखवलं. गुठळी होते एकीकडे आणि जीव घेते दुसरीकडे, हे तेव्हा पक्कं झालं. रक्त साचणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्तच जास्त गोठू पाहणं ही तीन कारणं आज त्याच्या नावाने शिकवतात. तशी सुटसुटीत मांडणी मात्र नंतरच्या लोकांनी केली.

या तिन्हींत ‘वय’ कुठेच नाही. आणि तरी तिन्हींत तेच आहे.

पायातलं रक्त वर चढवण्याचं बरंचसं काम पोटरीचे स्नायू करतात. दर पावलाला ते शीर पिळतात, आणि आतल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. वय वाढतं तशी पोटरी बारीक होते, झडपा जाड आणि ताठर होतात. गुठळीची सुरुवात बहुतेक वेळा या झडपांच्या मागच्या खोबणीतच होते, कारण तिथलं रक्त सगळ्यात संथ असतं. दुसरीकडे रक्तातलं फायब्रिनोजेन हे गोठण्याला लागणारं प्रथिन वाढतं, रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी आठवा घटक वाढतो, आणि झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची क्षमता मंदावते. त्यात खुब्याचं हाड मोडणं, कर्करोग, हॉस्पिटलात पडून राहणं, हेही उतारवयातच जास्त. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी सांगतात की लहान मुलांत वर्षाला लाखात एखाद्याला हा त्रास होतो, तरुणांत दहा हजारांत एखाद्याला, आणि ऐंशीच्या आसपास जवळजवळ शंभरात एकाला. मधुमेह किंवा बीपीचा आलेख इतका उभा चढत नाही.

नुसतं बसून राहणंही पुरतं, हे युद्धाने दाखवलं. १९४० मध्ये लंडनवर बाँब पडत होते आणि लोक रात्र-रात्र तळघरांत घडीच्या खुर्च्यांवर बसून काढत होते. खुर्चीची पुढची पट्टी मांडीखाली रुतायची. किथ सिम्पसन या न्यायवैद्यकाला अशा लोकांत फुप्फुसातल्या गुठळीने अचानक आलेले मृत्यू दिसू लागले. आजचं विमानातलं बसणं त्याच जातीचं. पण उगाच घाबरायला नको : चार तासांहून लांब प्रवासानंतर धोका दुपटीच्या आसपास जातो, तरी निरोगी माणसात तो साधारण सहा हजारांत एक एवढाच.

उपाय आधी ऑपरेशन थिएटरच्या आसपास शोधले गेले. लंडनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये चार हजारांहून जास्त रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशनच्या आधीपासून हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचे छोटे डोस दिलेल्या गटात फुप्फुसातल्या गुठळीने दोन मृत्यू झाले, न दिलेल्यांत सोळा. चाचणीत घेतले होते ते चाळिशीच्या पुढचेच रुग्ण. म्हणजे वय हा धोका आहे, हे तोवर गृहीत धरलं गेलं होतं.

आपल्याकडे मात्र ‘हा गोऱ्यांचा आजार’ ही समजूत फार काळ टिकली. गुडघे बदलण्याची ऑपरेशनं वाढली, शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी हाताशी आली, तशी ती ढिली पडली. जे शोधलंच नाही ते दिसणार कसं?

गंमत म्हणजे ‘वयोमानानुसार’ला शेवटी आकडा मिळाला. गुठळी विरघळताना तिच्यातून सुटणारा प्रथिनाचा तुकडा, म्हणजे डी-डायमर, रक्तात वाढतं, पण ते वयाबरोबर एरवीही वाढतं. त्यामुळे ५०० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) या मर्यादेवर म्हाताऱ्या माणसांचे रिपोर्ट उगाचच ठळक अक्षरांत छापून यायचे. २०१४ मध्ये एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने पन्नाशीपुढे ‘वय गुणिले दहा’ ही मर्यादा तपासली आणि ती सुरक्षित ठरली. म्हणजे ७२ वर्षांच्या काकांसाठी ७२०. हे गणित डॉक्टरांना गुठळीची दाट शंका नसेल तेव्हाचं. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजले, तर बीपीच्या काही गोळ्यांनीही तसं होतं. एकच पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल, तर आकड्यावर न थांबता त्याच दिवशी डॉपलर करतात.