कडकड आभाळातली की तारेवरची? दोन स्टॅटिक आणि अँटेनाची रचना

नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हात) नागपूरच्या गच्चीवर टांगलेल्या डायपोलवर, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनावर, हॅम (हौशी) रेडिओचा ४० मीटर बँड (७ मेगाहर्ट्झजवळचा पट्टा) ऐकत बसलं, की दोन वेगळे आवाज येतात आणि दोन्हींना सरसकट ‘स्टॅटिक’ म्हटलं जातं. एक दूरवर कोसळलेल्या विजेचा, दुसरा आपल्याच तारेवर चढलेल्या विद्युतभाराचा. नाव एक, म्हणून सल्लाही एकच मिळतो: लूप (बंद वळशाची अँटेना) बांधा, शांत होईल. लूपमुळे दुसरा आवाज खरोखर कमी होतो. पहिल्याला, म्हणजे विजेच्या आवाजाला, तार नुसती बंद वळशाची केल्याने काही फरक पडत नाही. तिथे अँटेनाची दिशाच कामी येते.

वीज कोसळते तेव्हा तीच एक मोठा ट्रान्समीटर होते. तिच्या लहरी आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागावरून) परतून शेकडो किलोमीटर दूर पोचतात. फ्रिक्वेन्सी जितकी खाली, तितका जोर जास्त, म्हणून ८० मीटर बँड (साडेतीन मेगाहर्ट्झजवळचा) ४० मीटरच्या आधी खराब होतो. दिवसा आयनोस्फिअरचा डी थर यातलं बरंच शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि नागपूरवर चांदणं असतानाही ओडिशाकडचं वादळ कानात कडकडतं. प्रत्येक कडाका सुटा असतो, मधलं अंतर अनियमित. ही खरी रेडिओ लहर आहे. स्टेशनचा सिग्नल अँटेना जसा पकडते, तशीच ती हीही पकडते.

तारेवरच्या स्टॅटिकमध्ये बाहेरून लहर येण्याची गरजच नसते. कोरड्या वाऱ्यातले धुळीचे कण किंवा अवकाळी पावसाचे थेंब भार घेऊन येतात आणि उघड्या तारेवर आपटून तो तिथे सोडतात. कोअ‍ॅक्सने (मधली तार आणि तिच्याभोवती जाळीचं आवरण असलेल्या केबलने) जोडलेल्या साध्या डायपोलचा एक पाय (एका बाजूची तार) शील्डमार्फत, म्हणजे त्या जाळीमार्फत, अर्थिंगला जातो. मधल्या तारेचा पाय मात्र, रिगच्या (रेडिओ संचाच्या) इनपुटला कपॅसिटर असेल आणि १:१ करंट बॅलन (केबल आणि अँटेना यांच्यामधला जोड) असेल तर, डीसीच्या (एकदिश प्रवाहाच्या) दृष्टीने अधांतरी राहतो. त्यावरचा व्होल्टेज वाढत जातो आणि शेवटी कनेक्टरमध्ये, बॅलनमध्ये किंवा रिगच्या रिलेत ठिणगी उडते. आधी टिक-टिक ऐकू येते. झुळूक वाढली की तिची गती वाढून कढईत काही तळल्यासारखी सलग चरचर होते, वारा पडला की ओसरते.

ओळखण्यासाठी मीडियम वेव्हचा बॅटरीवरचा साधा रेडिओ घरात, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावा. रिगमधला कडाका त्याच क्षणी त्यातही वाजला, तर ती वीज. रिग चरचरतोय आणि रेडिओ गप्प आहे, तर भार तारेवरच आहे. कामठी किंवा हिंगण्याच्या एखाद्या हॅमला विचारलं तरी चालतं: विजेचा कडाका दोघांना एकदम ऐकू येतो, चरचर ज्याची त्याची असते. (इन्व्हर्टर आणि एलईडीच्या चार्जरची गुणगुण एकसुरी असते. तो तिसराच विषय.)

आता तारेवरच्या भाराचा उपाय. त्याला जमिनीकडे वाट द्यायची, एवढंच. फीडपॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते तिथे) दोन पायांमध्ये १०० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर जोडा. १०० वॅट पॉवरला ५० ओहमवर सुमारे ७१ व्होल्ट येतात, म्हणजे रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.०५ वॅट जिरतो आणि सिग्नलचं काही बिघडत नाही. हमखास होणारी चूक म्हणजे शील्ड अर्थ न करणं. मग रेझिस्टर दोन पायांची पातळी सारखी करतो, पण अख्खी अँटेना अधांतरीच राहते. मे महिन्यात काळी माती भेगाळून अर्थिंग कमजोर होतं हे खरं, पण इथे प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो. त्याला कमजोर अर्थही पुरतो. विजेपासून संरक्षणाला तो अजिबात पुरत नाही.

फोल्डेड डायपोल (टोकांशी वळवून परत आणलेल्या तारेचा) आणि पूर्ण तरंगाचा लूप (एका तरंगलांबीएवढ्या तारेचा) यांत ही वाट रचनेतच असते, कारण तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे. ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधा डायपोल साधारण २०.१ मीटरचा होतो, लूपला ४३.१ मीटर तार लागते. लूपचा इंपिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) १०० ते १२० ओहमच्या आसपास असतो, म्हणून तो ५० ओहमशी जुळवायला मध्ये ७५ ओहम कोअ‍ॅक्सचा पाव तरंगाचा तुकडा घालतात: भरीव पॉलिथिनच्या कोअ‍ॅक्सला ६.९७ मीटर. फोमच्या कोअ‍ॅक्सला हे माप चालणार नाही, त्याचा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधल्या लहरीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट ते) जास्त असतो.

एक मर्यादा मात्र राहते. डोक्यावर काळा ढग असताना तारेच्या टोकदार भागांतून कोरोना (हवेत झिरपणारा विद्युतभार) सुटतो, आणि तो अर्थ केलेल्या तारेतूनही सुटतो. टोकं गोल वळवा, तारेचे सुटे धागे कापा, इन्सुलेशनची तार वापरा. लूपला मोकळी टोकंच नसतात, हा त्याचा खरा फायदा. १९४० च्या दशकात इक्वाडोरमधल्या कीटोच्या एचसीजेबी रेडिओ केंद्रावर क्वाड (चौकोनी लूपची) अँटेना जन्मली तीही टोकांवरच्या कोरोनामुळेच, पण तो कोरोना ट्रान्समीटरच्या पॉवरचा होता. विजेची कडकड कमी करणं हा तिचा हेतू नव्हता.

विजेवर अँटेनाकडे उपाय एकच, दिशा. दूरच्या वादळाच्या लहरी बहुधा कमी कोनातून येतात. उभी अँटेना त्या भरभरून घेते. ७-८ मीटर उंचीचा आडवा डायपोल ४० मीटरवर मुख्यतः वरच्या दिशेने ऐकतो. पुणे-रायपूरशी बोलायचं असेल तर उन्हाळ्यात हाच बरा. ऐकण्यापुरता १ मीटर व्यासाचा छोटा लूप, प्रीअँपसह (सिग्नल वाढवणाऱ्या जोडयंत्रासह), हाताने फिरवता येतो. त्याच्या प्रतलाला काटकोनात शून्य दिशा (जिकडून तो जवळपास काहीच ऐकत नाही) असते, ती वादळाकडे करा. आकाशमार्गे आलेल्या लहरीवर हे शून्य उथळ पडतं, तरी सिग्नल वाचण्याइतका फरक पुष्कळदा मिळतो. रिगवर आरएफ गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी करा आणि एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) फास्ट ठेवा. नॉइज ब्लँकर (खरखर कापणारी सोय) इथे फारसा चालत नाही. तो इंजिनच्या स्पार्कसारख्या अतिसूक्ष्म पल्ससाठी असतो, विजेचा कडाका त्याहून कितीतरी लांब चालतो.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजा दाखवतं. त्यात वीज जवळ दिसली किंवा गडगडाट कानांवर आला, की कोणतीही तपासणी करायची नाही, वायरला हात लावायचा नाही. कोअ‍ॅक्स वादळ येण्याआधीच काढून घराबाहेर अर्थला जोडलेली हवी.