मूरचा नियम: एका आलेखावरची रेघ

१९६५ साली एका चिपवर जेमतेम ५०-६० घटक, म्हणजे ट्रान्झिस्टरसारखे (वीज चालू-बंद करणाऱ्या खटक्यासारखे) सूक्ष्म भाग, मावत होते. त्या वर्षी अमेरिकेतल्या ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकाने पस्तिसाव्या वर्धापनाच्या अंकासाठी गॉर्डन मूर यांना पुढच्या १० वर्षांचा अंदाज लिहायला सांगितले. मूर तेव्हा फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. हाताशी १९५९ पासूनचे मोजके आकडे होते. ते त्यांनी आलेखावर मांडले, रेघ पुढे ओढली आणि घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत १९७५ पर्यंत ६५ हजारांवर जाईल, असे लिहिले. घरात संगणक येतील, हेही त्या चार पानांत आहे.

लेखाचा गाभा मात्र सांगणाऱ्यांकडून बहुतेकदा निसटतो. मूर खर्चाबद्दल बोलत होते. चिपवर जास्त घटक बसवले की दर घटकामागचा खर्च उतरतो. फार दाटी केली की सदोष चिपचे प्रमाण वाढून तो पुन्हा चढतो. या दोहोंमधला सर्वांत स्वस्त बिंदू वर्षागणिक पुढे सरकतो आहे, हे त्यांचे खरे निरीक्षण. ‘मूरचा नियम’ हे नाव कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठातल्या कार्व्हर मीड यांच्यामुळे रूढ झाले. १९७५ मध्ये मूर यांनीच दुपटीचा काळ २ वर्षांवर नेला. सर्रास सांगितला जाणारा १८ महिन्यांचा आकडा त्यांचा नव्हे.

पुढे चिप बनवणारे, यंत्रे पुरवणारे, रसायने पुरवणारे असे सगळेच या रेघेवरून आपापल्या कामाचे वेळापत्रक आखू लागले. १९९० च्या दशकात तर उद्योगाने त्यासाठी सामाईक आराखडाच केला. भाकीत इतके टिकले ते मला वाटते यामुळेच.

संगणकाचा वेग वाढण्याचे श्रेय मात्र आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनाही द्यायला हवे. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याला वीजही त्या प्रमाणात कमी लागते, हे त्यांनी १९७४ मध्ये दाखवले; म्हणजे चिप जास्त न तापवता वेग वाढवता येतो. २००५ च्या सुमारास हे गणित मोडले. अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरमधून वीज गळू लागली, चिप तापू लागली, आणि तिच्या कामाचा ताल ठरवणाऱ्या घड्याळाचा वेग ४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोक्यांच्या, आसपास अडला. म्हणून एकाच चिपवर अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणिते करणारे भाग, आले.

आता मोठी चिप तोडून छोटे तुकडे वेगळे बनवायचे आणि जोडायचे, अशी रीत रुळते आहे. मोठी यंत्रणा अशा छोट्या, सुट्या भागांतून बांधणे कदाचित अधिक स्वस्त पडेल, ही शक्यताही मूर यांनी १९६५ च्या त्याच लेखात नोंदवून ठेवली होती.