पार्श्वभूमी : लेसोथोचं पाणी

देश लेसोथो, माणूस मोसोथो, माणसं बासोथो, भाषा सेसोथो. देशाचा तिथला उच्चार ‘लेसूथू’च्या जवळ जातो. ब्रिटिशांनी या सगळ्याचं ‘बासुटोलँड’ करून टाकलं होतं.

१८२४ साली थाबा बोसिऊ या डोंगराच्या सपाट माथ्यावर एका सरदाराने परागंदा कुळं गोळा केली आणि त्यातून हे राज्य उभं राहिलं. गडाच्या आधाराने राज्य कसं टिकतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पुढे बोअरांनी, म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांनी, कॅलेडन नदीपलीकडची सुपीक जमीन बळकावली. १८६८ मध्ये ब्रिटिशांचं संरक्षण पत्करावं लागलं, १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. तोवर चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि हाती उरलेले डोंगर. पण डोंगरात पाणी होतं.

ते पाणी खाली दक्षिण आफ्रिकेत नेण्याची बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली होती. १९८६च्या जानेवारीत तिथल्या वर्णद्वेषी राजवटीने सीमेवर नाकेबंदी केली आणि त्याच महिन्यात लेसोथोच्या राजधानीत, मासेरूमध्ये, लष्कराने सत्ता घेतली. २४ ऑक्टोबरला पाणीकरारावर सह्याही झाल्या. संसद नव्हतीच, मग विचारणार कोणाला? करार फायद्याचा होता असं म्हणणारे पाण्याच्या रॉयल्टीकडे आणि म्वेला जलविद्युत केंद्राच्या विजेकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. पण नाक दाबून उघडलेल्या तोंडाला संमती म्हणणं अवघड आहे.

या करारातून उभं राहिलेलं कात्से धरण १८५ मीटर उंच आहे. जलाशय भरू लागला तेव्हा हादरे बसले आणि मापेलेंग गावात जमीन लांबवर भेगाळली. कोयनाकाठच्या लोकांना यातलं काही नवं वाटणार नाही. १९९८च्या जानेवारीत पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या पट्ट्याकडे वाहू लागलं. त्याच सप्टेंबरात निवडणुकीच्या वादात दक्षिण आफ्रिकेचं सैन्य आत शिरलं. ‘शांतता राखायला’ आलेल्या या सैन्याने कात्सेवरही ताबा घेतला. तिथे लेसोथोचे सैनिक मारले गेले, इकडे मासेरूचा बाजार जळाला.

आज प्रवासी माफिका लिसिऊ घाटातून ज्या डांबरी रस्त्याने वर जातो, तो धरणासाठीच बांधलेला. ३,०९० मीटरवर वारा कान कापतो. ब्लँकेट पांघरलेला गुराखी घोड्यावरून हात हलवतो. पलीकडे उतरलं की हिरवंनिळं पाणी दिसू लागतं. काठच्या कित्येक बाया मात्र अजून झऱ्यावरून बादल्या भरून आणतात.

पैशांचं एक लक्षात ठेवा. लेसोथोच्या लोटीची (अनेकवचन मालोटी) किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडइतकीच. रँड लेसोथोत सगळीकडे चालतो, सुट्टे मात्र बऱ्याचदा मालोटीत मिळतात. ते सीमेवरच्या चौकीच्या अलीकडेच संपवा, खाली दक्षिण आफ्रिकेत कोणी घेत नाही.